भिंतीपलीकडचा मसाला

चिंचपोकळीला एक चाळ, तिच्या पाठीला पाठ लावून ख्रिस्ती वाडी आणि मधे पुरुषभर उंच भिंत. चाळीत मी, माझा मुलगा विलास आणि सून शुभांगी. वाडीत फिलूबाय, माझ्याच वयाची, तोंडाने माझ्याहून तिखट. आम्ही दोघींनी मिळून मसाल्याचा धंदा केला म्हटल्यावर किस्से जमणारच. एक सांगायला घ्यावा तर मागून चार ढकलाढकली करत येतात. मी शाळेची पायरी चढले नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. नात लिहून घेतेय, मी सांगतेय.

*

विलास कामाला होता तो छापखाना बंद पडला. मी घरी मालवणी मसाला करायचे, शुभांगी तो विकायची, त्यावरच आता आमची चूल. तेवढ्यात कळलं, गल्लीच्या तोंडाचा सरकारी गाळा बायकांच्या बचत गटाला मिळणार, मसाला कुटायच्या मशीनसकट. पण गटाला दहा बायका हव्यात, आणि आमच्या चाळीत तयार झाल्या सहाच.

शुभांगी म्हणाली, "आई, वाडीतल्या बायकांना विचारूया?"

मी हबकलेच. चाळीस वर्षं आम्ही त्या भिंतीवरून भांडलो होतो. मांजरावरून, नळावरून, आमच्या गणपतीच्या स्पीकरवरून, त्यांच्या लग्नातल्या बँडवरून. तरी स्टुलावर चढले आणि फिलूबायला हाक मारली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"किती वर्षं वाट बघते मी," ती म्हणाली. "तुमच्याकडं गच्ची हाय. माझ्या मिरच्या कौलांवरून घसरतात."

*

फिलूबायचे लोक मसाला बिअरच्या बाटल्यांत भरतात. काच काळपट, उजेड लागत नाही, वर्षभर रंग टिकतो. हे मला कुठे ठाऊक? ऐन रामनवमीला आमच्या दारात, तिने भिंतीवरून दिलेल्या, धुऊन उलट्या घातलेल्या तीस बाटल्या! चाळीचे सेक्रेटरी तात्या सुंठवडा घेऊन आले, ते उंबऱ्यातच थांबले.

"काकी," हळूच म्हणाले, "विलासचं एवढं वाढलंय?"

शुभांगी रडायच्या बेतात. म्हटलं, "विलासच्या नाहीत हो. माझ्या आणि फिलूबायच्या आहेत."

तात्या तीन दिवस आमच्या मजल्यावर फिरकले नाहीत.

*

वाडीतल्या चौघी धरून दहा जणी झाल्या, गाळा आधी एका हंगामापुरता मिळाला. पहिल्याच दिवशी आम्ही दोघी एकमेकींकडे पाठ करून मसाला भाजायला बसलो. तिच्या कढईतून एक दाणा उडून माझ्या पदरात पडला. बघते तर गहू.

"फिलूबाय, मसाल्यात गहू? वजन वाढवतेस होय?"

"आणि तू पाठ करून काय घालतेस? सोनं?"

दुपारी तिने डबा उघडला, बांगड्याच्या कालवणाची वाटी माझ्याकडे सरकवली. मी दोन घास जिभेवर घोळवून खाल्ले. गव्हाचं नाव पुन्हा काढलं नाही.

*

एका रविवारी मिरच्या भाजल्या आणि धूर थेट वाडीच्या चर्चमध्ये गेला. प्रार्थना संपली तसे फादर गाळ्याच्या दारात उभे. डोळे लाल, नाकाला रुमाल. फिलूबाय, जी कुणाच्या बापाला भीत नाही, ती गोणीमागे लपली. आता गाळा जातो, असंच मला वाटलं.

फादर म्हणाले, "आज माझं प्रवचन ऐकून सगळे रडले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. पुढचं भाजणं कधी आहे?"

*

आता शेवटचा. हंगाम संपला. गाळा कायमचा हवा तर मसाल्यांच्या कृती लेखी लागतील, असं ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या. आम्ही दोघींनी आपापली सांगायची, त्या लिहून घेणार. सोमवारपर्यंत नाही झालं तर गाळा दुसऱ्या गटाला.

इथेच घोडं अडलं. माझ्या सासूने मला देवीपुढे शपथ घातलेली, आपली कृती कागदावर चढवायची नाही. फिलूबायला तिच्या आईने मेरीमातेपुढे तीच घातलेली. आम्ही दोघीही हटायला तयार नव्हतो. शुभांगी रिकाम्या गोण्या घडी करून माळ्यावर टाकत राहिली. विलास म्हणाला, "गाळा गेला तर आपण गावी जाऊ, आई. इथे काय उरलंय?"

रविवारी दुपारी फिलूबाय जिना चढून वर आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दार लावून घेतलं.

"आईने लिहून देऊ नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुला लिहिता येत नाही. म्हणून तुला सांगते. ऐक."

जी कृती पोटच्या पोरीला सांगितली नाही, ती माझ्या कानात सांगितली. मग मीही माझी सांगितली.

सोमवारी मॅडमनी पेन उघडलं. "आजी, तुमचा मसाला सांगा."

"माझा नाही सांगणार," मी म्हटलं. "हिचा सांगते. त्याची शपथ मला कुणी घातली नाही."

काश्मिरी मिरची, धणे, गहू, चणाडाळ, तीळ, खसखस, मोहरी, दगडफूल, नागकेशर, शेवटी आंबेहळद. घडाघडा सगळं सांगितलं. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मग फिलूबाय उभी राहिली आणि बेडगी मिरचीपासून माझा मसाला सांगत सुटली. शेवटी म्हणाली, "आणि तिरफळ. बिया काढून."

मी गारच पडले. तिरफळ मी तिला सांगितलंच नव्हतं. मुद्दाम वगळलं होतं.

मॅडमनी शिक्का मारला. किल्ली शुभांगीच्या हातात दिली, कायमची. जिना उतरताना शुभांगी ती मुठीत धरून पुढे, विलास तिच्या मागे, गोण्या किती लागतील ते विचारत. मी फिलूबायचा दंड धरला.

"तिरफळ तुला मी कधी सांगितलं गो?"

"आणि आंबेहळद तुला मी कधी सांगितली?"