फाटकाबाहेरचा माणूस

“सर, आज गुडघ्यापर्यंत आलाय,” सुभेदार फोनवर म्हणाले. आवाज परेडवर गिनती दिल्यासारखा सरळ. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर फोटो आला. आदल्या सोमवारच्या फोटोत नुसते बूट दिसले होते.

मी माण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. सुभेदारांची मुलगी अनुजा सातवीत. तिच्या ‘माझे घर’ या चित्राला सांगलीच्या स्पर्धेत पहिला नंबर मिळाला. तिने चित्र काढलं तेव्हा सुभेदार ड्युटीवर होते. बक्षीस समारंभाच्या आठवडाभर आधी ते रिटायर होऊन गावी आले आणि कोटावर मेडलं लावून सांगलीला हजर झाले. चित्र परत मिळाल्यावर त्यांनी मुद्दाम साताऱ्याला जाऊन फ्रेम करून आणली. घरी कोणीही येवो, सिलिंडर घेऊन आलेला माणूससुद्धा, त्याला आधी चित्रासमोर उभं करायचे आणि मग पाणी द्यायचे. “माझी मेडलं पेटीत ऱ्हाऊ द्यात,” ते म्हणायचे, “भिंतीवर हे.”

चित्रात घर होतं, फाटक होतं, आणि फाटकाबाहेर मोकळा पिवळा रस्ता. परीक्षकांनी त्या मोकळ्या रस्त्याचंच फार कौतुक केलं होतं.

आता त्या रस्त्यावर कोणीतरी उभं राहत होतं.

सुभेदारांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, काचेच्या कोपऱ्याला अंगारा लावला. चित्र खाली काढा म्हणून त्या मागे लागल्या होत्या. सुभेदार ऐकत नव्हते. पण चित्राकडे पाठ करून बसणं त्यांनी सोडलं होतं. हे त्यांनीच मला हसत सांगितलं.

“बॉर्डरवर लय काय काय बघितलं सर. पर ह्यो गडी दर आठवड्याला वर येतोय.”

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. पुढे काय दिसणार ते मला माहीत होतं. आधी हातातली बॅग, मग छाती. तोंड येणार नाही, हेही माहीत होतं.

स्पर्धेला पाठवायच्या चित्रांवर ‘फायनल हात’ फिरवायचा, ही आमच्याकडची पद्धत. रेषा सरळ करायची, आभाळ भरायचं. सगळे करतात, मीही करत आलो. अनुजाने फाटकाबाहेर एक माणूस काढला होता. हातात बॅग, पायात बूट, आणि तोंडाच्या जागी कोरा गोल. ना डोळे, ना नाक. असलं चित्र परीक्षकांना आवडणार नाही, असं मला वाटलं. हा कोण, हे मी तिला विचारलं नाही. रस्त्याच्या पिवळ्या रंगाने झाकून टाकला.

अडचण अशी की तिचं चित्र ऑईल पेस्टलचं होतं, म्हणजे तेलकट खडूचं. माझा रंग पोस्टर कलर, म्हणजे पाण्याचा. तेलकटावर तो धरत नाही. त्यात साबणाचा थेंब टाकला की बसल्यासारखा दिसतो. मी थेंब टाकला. पुढे सुभेदारांनी चित्र खिडकीसमोर लावलं. खालच्या भागावर ऊन पडायला लागलं, आणि रंग खालून सुटत वर निघाला.

मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं.

“हवेनं रंग गेला म्हणा,” ते म्हणाले.

“खोटं होईल, सर.”

“दरवर्षी हात फिरवताय. तवा न्हाई वाटलं खोटं?”



तीन आठवडे मी टाळलं, मग एका रविवारी दुपारी सुभेदारांकडे गेलो. माणूस खांद्यापर्यंत आला होता. फ्रेमच्या तळाशी, काचेच्या आत, पिवळी भुकटी साचली होती. खोलीत आम्ही चौघं, आणि चौघांचीही नजर तिकडेच. मला कारण ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला.

“सुभेदार, हा माणूस अनुजानेच काढलेला आहे,” मी म्हणालो. “मी तो झाकला. नंबर यावा म्हणून.”

 सुभेदारांनी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, चित्र बाहेर घेतलं. वहिनींकडून ओला कापूस मागून घेतला. उरलेला माझा रंग त्यांनीच हलक्या हाताने पुसला. खांद्यांवर कोरा गोल निघाला. वहिनींनी मान फिरवली.

“कोण हाय गं ह्यो?” सुभेदारांनी अनुजाला विचारलं.

“तुमी, पप्पा.”

“आणि तोंड?”

“फोनवर बारकं दिसायचं. काढाय बसले, तर नीट आठवंना.”

 सुभेदारांच्या हातातला कापूस पिवळा झाला होता.

“मग एवढे दिवस बोलली का न्हाईस?”

“सरांनी काढून टाकला, म्हंजे माझंच चुकलं असंल वाटलं. आणि तुमी लय खुश हुता.”

सुभेदारांनी चित्र उजेडात धरलं. एकदा जवळ, एकदा लांब.

“ह्यो येतोय का चाललाय?”

अनुजाने पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं. “म्हाईत न्हाई,” ती म्हणाली.

खरंच कळत नव्हतं. मीही पाहिलं. तोंड नसलेल्या माणसाची पाठ कुठली आणि पोट कुठलं, हे सांगता येत नाही.

निघताना त्यांनी कपाटातून सर्टिफिकेट काढून माझ्या हातात दिलं. “हे तुमचं हाय,” म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

स्पर्धा घेणाऱ्यांना मी सगळं लिहून कळवलं. अजून उत्तर नाही. सर्टिफिकेट माझ्या कपाटात रंगांच्या बाटल्यांमागे आहे. मी हात फिरवणं बंद केलं. यंदा आमच्या शाळेचा एकही नंबर आला नाही, आणि मुख्याध्यापक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

चित्र अजून त्याच भिंतीवर आहे. सुभेदार आता ते कोणाला दाखवत नाहीत. परवा गेलो, तर खुर्ची चित्रासमोर ओढून एकटेच बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत.

तेलकट खडूवर पाण्याचा रंग टिकत नाही. हे मी दरवर्षी पाचवीच्या पहिल्याच तासाला शिकवतो.