गोरिलाला माझी सर्दी नको होती

पन्नासावा वाढदिवस सव्वा वर्षावर आला, तेव्हा मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "हॉल घेऊ, शंभर लोक बोलवू." मी म्हटलं, "नको. मला युगांडाला जायचंय. जंगलात. गोरिला बघायला."

"अगं, आपल्या वेरिबीच्या झूमध्ये आहेत की. दहा मिनिटांवर. पार्किंगपण मिळतं."

आम्ही मेलबर्नजवळ वेरिबीत राहतो. मी त्याला सांगितलं की ते सखल भागातले गोरिला, मला डोंगरातले बघायचेत, आणि तेही त्यांच्या घरी. विषय संपला असं त्याला वाटलं. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

मी आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. ऑफिसात लोक माझ्या एक्सेलला घाबरतात, घरात त्यांची सवय झाली आहे. या ट्रिपच्या फाइलला नऊ टॅब होते. बविंडीच्या जंगलाचं पर्मिट माणशी आठशे अमेरिकन डॉलर. गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसाला फक्त आठ माणसं भेटू शकतात, म्हणून पर्मिट बरेच महिने आधी घ्यावं लागतं, आणि ते पासपोर्टवरच्या नावाने असतं. व्हिसा ऑनलाइन मिळतो. पिवळ्या तापाची लस ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये घ्यायची आणि तिचं पिवळं कार्ड जिवापाड जपायचं. 'रिस्क' नावाचा वेगळा टॅब होता. त्यात दरडी, मलेरिया, हरवलेली बॅग, जळवा आणि मिलिंदचा गुडघा हे सगळं होतं. सर्दी नव्हती.

ट्रेनिंग म्हणून दर शनिवारी जवळच्या यू यांग्स डोंगरात जाऊन फ्लिंडर्स पीक चढायचं ठरलं. पहिल्याच शनिवारी सात-आठ वर्षांची एक मुलगी मला मागे टाकून गेली आणि जाताजाता म्हणाली, "You've got this, mate." तिच्या आवाजात इतकी दया होती की मी पुढचे चार शनिवार कोणी नसेल अशा वेळी गेले. मिलिंद एकूण दोनदा आला. दोन्ही वेळा खाली कॉफी पीत बसला.

निघायला महिना उरला आणि आमच्या मित्रमंडळींनी 'गोरिला-केळवण' काढलं. आपल्याकडे लग्नाआधी करतात तसं, दर शनिवारी एकेका घरी जेवण. पुरणपोळ्या, मसालेभात, अळूची भाजी. वर आग्रह, "खा गं, जंगलात काय मिळणारे तुला?" कमावलेला सगळा स्टॅमिना मी पाच शनिवारांत तुपात घालवला. शेवटचं केळवण निघायच्या आदल्या दिवशी टार्नीटला माझ्या मैत्रिणीकडे, अश्विनीकडे होतं. तिने दोन वर्षांची लेक माझ्या मांडीवर दिली. लेकीचं नाक वाहत होतं.

"काही नाही गं, नुसतं जरा नाक वाहतंय. चाइल्डकेअरमधून रोज काहीतरी आणते," अश्विनी हसत म्हणाली.

लेक माझ्या तोंडावर शिंकली. माझं तोंड तेव्हा श्रीखंडासाठी उघडलेलं होतं.

मेलबर्नहून दोह्यामार्गे युगांडातल्या एन्टेबीला पोचायला एक अख्खा दिवस जातो. तिथून बविंडी गाडीने नऊ-दहा तास. छोटं विमानही आहे, पण मला रस्ता बघायचा होता आणि मिलिंदला पैसे वाचवायचे होते. आमचा ड्रायव्हर मोझेस मितभाषी आणि पोटाची काळजी घेणारा. विषुववृत्तावर गाडी थांबवून त्याने रस्त्याकडेच्या टपरीवरून आम्हाला 'रोलेक्स' आणून दिलं. हे घड्याळ नव्हे. गरम चपातीत कांदा-टोमॅटो घातलेलं ऑम्लेट गुंडाळतात, त्याचं नाव. मिलिंदने दोन खाल्ले आणि पहिल्यांदाच म्हणाला की ट्रिप चांगली आहे. मला मात्र गिळताना घसा टोचला.

शेवटचे दोन तास कच्चा रस्ता, लाल धूळ आणि वळणं. लॉजवर पोचेपर्यंत माझं नाक गळायला लागलं होतं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी अश्विनीच्या नावाने बोटं मोडत होते. हिला समजायला नको का, उद्या प्रवासाला निघालेल्या बाईच्या मांडीवर सर्दीचं पोर देतात का?

मिलिंदने बॅगेतून सुंठ, बाम आणि ओव्याची पुरचुंडी काढली. "अगं, गोरिलांसमोर एका तासाचा तर प्रश्न. मास्क सगळ्यांनाच घालायला लावतात. कोणाला कळणारे?"

मुलीला फोन केला. ईशा मेलबर्नला युनिव्हर्सिटीत शिकते. "Mum, our colds can actually kill them. Just tell them."

"अगं पण चौदा महिने मी..."

"I know, Mum."

तिला काय जातंय बोलायला, असं म्हणून मी फोन ठेवला आणि सर्दीच्या दोन गोळ्या घेतल्या.

सकाळी साडेसातला रेंजर ग्रेसने सगळ्यांना समोर बसवलं. अंतर ठेवा, फ्लॅश बंद, बोट दाखवू नका. मग तिने विचारलं, "कोणाला सर्दी, खोकला, ताप, जुलाब?" मी हात वर केला नाही. मला वेगळं विचारलंच तर काय सांगायचं तेही पाठ होतं: काही नाही, नुसतं जरा नाक वाहतंय.

ग्रेस पुढे म्हणाली, आज तुम्ही ज्या कुटुंबाकडे जाणार आहात तिथे थोड्याच आठवड्यांचं बाळ आहे. आणि माझं पाठ केलेलं वाक्य कोणाचं आहे ते मला ओळखू आलं. ज्या बाईला मी वाटभर शिव्या घालत आले होते, तिचंच ते वाक्य, जसंच्या तसं. फरक इतकाच की तिने निदान लपवलं नव्हतं.

मी हात वर केला. वर करता करता शिंकले, म्हणजे थोरपणाला तसा फारसा वाव उरला नाही.

"मग मीपण थांबतो," मिलिंद म्हणाला.

"अजिबात नाही. तू जा. निदान तू तरी बघून ये."

माझे हातमोजे, पायाला बांधायचे गेटर्स आणि कॅमेरा मी त्याच्या अंगावर चढवला. पोर्टर घ्या, असं सगळ्यांना सांगेन. वीसेक डॉलरमध्ये गावातल्या माणसाला काम मिळतं आणि चिखलात तुम्हाला वर ओढणारा हात मिळतो. मिलिंदच्या पोर्टरबाईंनी त्याला एकदा खालून वर बघितलं आणि निमूटपणे त्याची बॅग उचलली.

ते झाडीत दिसेनासे झाले आणि मी रडले. छान, दणदणीत रडले. हे मी जगाच्या भल्यासाठी केलं वगैरे काही वाटत नव्हतं. खूप राग आला होता. पार्कच्या ऑफिसातल्या बाईंनी चहा आणून दिला आणि शहाण्यासारख्या लांब बसल्या. आपणहून आजारपण सांगितलं तर पर्मिटचे काही पैसे परत मिळतात का, हे बुक करतानाच विचारून ठेवा. नऊ टॅबवालीने विचारलं नव्हतं.

दुपारी तीनला मिलिंद कमरेपर्यंत चिखलात परत आला.

"कसे होते?"

"छान होते."

"छान? मिलिंद, लग्नातलं जेवण छान असतं."

मी कॅमेरा हिसकावला. नऊ फोटो. सहांत पानं, दोनांत कोणाची तरी पाठ, एकात काळा डाग. "चौदा महिने मी राबले, आणि नऊ फोटो?"

तो पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. "पहिली पाच मिनिटं काढले. मग लक्षात आलं, तुला सांगायचंय. कॅमेऱ्यात बघत बसलो असतो तर सांगितलं काय असतं?"

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. सख्ख्या भावाच्या लग्नाचं वर्णन दोन वाक्यांत उरकणारा माझा नवरा दोन तास बोलत होता. बाळाच्या डोक्यावरचे केस कसे उभे होते. मोठ्या नराचं पोट कसं गुरगुरत होतं. आई फांदी वाकवून पानं कशी ओरबाडायची, तिची नखं आपल्यासारखी कशी होती. तिने याच्याकडे एकदा बघितलं आणि मग बसमधल्या अनोळखी माणसाकडून वळवतात तशी नजर वळवली. मी मास्क लावून चार हात लांब बसले होते आणि मध्येमध्ये प्रश्न विचारत होते. तो प्रत्येकाचं उत्तर आठवून देत होता.

आता आम्ही वेरिबीत आहोत. परत जाणार का, हा प्रश्न सगळे विचारतात. पैसे साठले तर जाईन, आणि त्याआधी एक महिना कोणाकडे जेवायला जाणार नाही. गोरिला मी पाहिलेला नाही, हे आता मी सरळ सांगते. पण कोणी घरी आलं की मिलिंद हात पुढे करून उभा राहतो, "त्या आईने अशी, डाव्या हाताने फांदी वाकवली..."

"उजव्या," मी स्वयंपाकघरातून म्हणते.

तो थांबतो, डोळे मिटून आठवतो आणि हात बदलतो.