मागच्या रांगेतला उंच माणूस

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण जिला सांगायला हवं होतं तिला गेल्या रविवारी सांगून आलो.

माझे बाबा एकाहत्तरच्या लढाईत पायदळात होते. परत आल्यावर भिवंडीत लूमवर लागले. तिथल्याच टेमघरच्या आमच्या घरात भिंतीवर एकच फोटो होता – पलटणीतल्या अकरा जणांचा, दोन रांगांत. जेवताना बाबा एकेकाबद्दल सांगायचे. आणि मी? मी नुसती मान हलवायचो. कोण कुठं उभा आहे, कधी लक्षच दिलं नाही.

बाबा गेल्यावर वर्षभरात सुमन आली, गणेशपुरीहून. तिचे वडील दत्ताराम बाबांच्याच पलटणीत होते, लढाईत गेले. ती तेव्हा आईच्या पोटात होती. घरात त्यांचा एकही फोटो नाही, आई वारलेली, चेहरा ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. फ्रेमसमोर उभी राहून तिनं विचारलं, "दादा, यातला माझा बा कंचा?"

मला माहीत नाही – एवढंच म्हणायचं होतं. पण मग बाबांचं मी काहीच ऐकलं नाही, हे उघडं पडलं असतं. मागच्या रांगेत एक उंच, मिशीवाला, रुबाबदार गडी होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं. "हे."

ती रडली. तो चेहरा मीच स्टुडिओतून मोठा करून दिला. सुमनच्या भिंतीवर त्याला हार चढला. पंधरा ऑगस्टला शाळेतली मुलं येऊन नमस्कार करू लागली. सुमनच्या मुलाला लोक म्हणायचे – आजोबांची उंची घेतलीस.

तीन वर्षांनी आमच्या फ्रेमला वाळवी लागली म्हणून उघडली. फोटोच्या पाठीवर बाबांच्या अक्षरात नावं होती, ओळीनं. दत्ताराम पुढच्या रांगेत, डावीकडून दुसरा – बुटका, कान बाहेर आलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले. आणि तो उंच गडी? त्या नावाच्या माणसाची पत्रं बाबांना कितीतरी वर्षं येत होती. तो धडधाकट घरी परतला होता. जिवंत माणसाला हार घातला होता मी – आणि तिच्या बापाला भिंतीबाहेर ठेवलं होतं.

तेव्हाच गेलो का? नाही. नवा पुठ्ठा लावून फ्रेम बंद केली. अकरा वर्षं. दर दिवाळीला ती फराळ पाठवायची – मी खायचो.

रविवारी फ्रेम घेऊन गणेशपुरीला गेलो. एका दमात सगळं सांगितलं.

"कळलं तेव्हाच का न्हाय बोललात?" तिनं विचारलं.

"लाज वाटली."

तिनं फ्रेम मांडीवर घेतली, पुढच्या रांगेतल्या डावीकडून दुसऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "हा तर पोरगाच हाय. माझ्या पोरापेक्षा ल्हान." उठली, भिंतीवरचा फोटो उतरवला, हार काढला आणि तो फोटो माझ्या हातात दिला. "हा तुमचा. न्या."

चहा विचारला नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

परतीच्या एसटीत मी गाढ झोपलो. कंडक्टरनं हलवलं तेव्हा भिवंडी आली होती. फार हलकं वाटत होतं, आजही वाटतंय – ते तुमच्यापासून लपवत नाही. एवढी वर्षं जे ओझं मी वाहिलं, ते आता सुमनच्या घरी आहे.