उसवलेला चेंडू

चामड्याचा चेंडू उसवला की तो शिवायला कुणाकडे टाकायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

आमच्या कॅप्टनला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. आणीबाणी उठली त्या साली मी परभणीच्या कॉलेजात होतो. फुटबॉलच्या टीममध्ये. सरावाच्या पहिल्याच दिवशी चेंडूची शिवण सुटली, आतलं ब्लॅडर बाहेर डोकावलं. कॅप्टन ताडकळसकडच्या एका पाटलाचा पोरगा. त्यानं चेंडू हातात घेतला नाही. पायानंच माझ्याकडे ढकलला.

"घे, शिव. तुमच्या घरचंच काम हाय."

सगळे हसले. खेळाचे सर शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

माझ्या बापानं धम्म घेतला तेव्हापासून मेलेल्या ढोराला हात लावला नव्हता. त्यापायी कामं तुटली, तरी लावला नाही. मी वस्तीत पत्रकं वाटायचो. जयंतीला भाषणं ठोकायचो. अंगाची आग झाली. आणि मी बोललो काय?

"आमी चांभार न्हाई. ते काम दिगूचं हाय."

दिगू आमचा गोलकीपर. चारठाण्याचा. त्याचा बाप आठवडी बाजारात वहाणा सांधायचा. हे त्यानं सगळ्या टीममध्ये एकट्या मला सांगितलं होतं. विश्वासानं.

हसू त्याच्याकडे वळलं. त्यानं वाकून चेंडू उचलला. दुसऱ्या दिवशी येताना बापाची चामडं शिवायची जुनी आरी घेऊन आला.

मग हंगामभर तेच. नांदेडला जिंकलो, जालन्याला जिंकलो. मध्यंतरात आम्ही संत्री सोलायचो, दिगू टाके घालायचा. कुणाच्या बुटाचा तळ सुटला, दिगू. कुणाचे खिळे निघाले, दिगू. एकदा माझ्या बुटातून अंगठा बाहेर आला. मीही बूट त्याच्यापुढं टाकला. ठेवला नाही. टाकला.

त्यानं शिवून दिला. देताना विचारलं, "भाषणात लय माणसं माणसं म्हणतूस. त्यात माझा बाप हाय का रे?"

मी नाडी बांधत बसलो. खूप वेळ बांधत बसलो.

फायनल आमच्याच मैदानावर झाली. पहिल्या हाफमध्ये समोरच्या गड्याचा बूट दिगूच्या हातावर पडला. बोटं टम्म सुजली. मध्यंतराला चेंडू पुन्हा उसवला. दुसरा नव्हता. कॅप्टननं तो दिगूच्या मांडीत टाकला.

"उरक लवकर."

"बोटं मिटंनात."

"तुमच्या हाताला काय हुतंय? उरक."

सर म्हणाले, "दिगू, दोन टाके घाल बाबा. कॉलेजच्या इज्जतीचा सवाल आहे."

दिगूनं खरंच आरी काढली. ती त्याच्या बोटांतून निसटली. तेव्हा मी चेंडू उचलला आणि कॅप्टनपुढं धरला.

"तुझ्या घरी तुरीची पोती कोण शिवतं?"

"मीच शिवतो. दाभण लय चालतं माझं. का?"

"मग हे शिव."

"खुळा का काय तू? चामडं हाय ते."

"पायाला चालतं. डोक्याला चालतं. हाताला तेवढं चालत न्हाई?"

या वेळी कुणी हसलं नाही. त्यानं हात मात्र पुढं केला नाही. मीच खाली बसून शिवलं. जन्मात पहिल्यांदा. टाके वाकडे आले, बोटातून रक्त आलं. चेंडू कॅप्टनच्या पायाशी ठेवला.

"पुढचा टाका तुझा. कबूल असंल तर खेळतो."

"नको खेळूस."

मी जर्सी काढून चेंडूशेजारी ठेवली.

दिगू माझ्यामागं आला नाही. सुजल्या बोटांनी गोलात जाऊन उभा राहिला. का यावं त्यानं? त्याला टाके घालायला बसवलं होतं मीच. एका दुपारी जर्सी काढली म्हणून त्याचा अख्खा हंगाम परत मिळत नाही.

कप आमच्या कॉलेजला मिळाला. फोटोत मी नाही, त्याचं काही वाटत नाही. सलतो तो पहिला दिवस. अपमान माझ्याकडे आला आणि मी तो माझ्याखाली ढकलला. कॅप्टननं पायानं ढकलला होता. मी तोंडानं.

आता जो अपमान माझ्याकडे येईल तो माझ्यापाशी थांबेल. मी त्याच्याशी भांडेन. खाली जाऊ देणार नाही.

तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या मैदानावर चेंडू उसवला तर आजूबाजूला बघू नका. हातानं उचला. दाभण मागा. पहिला टाका तुम्ही घाला.