जांभई भाईर दिऊन ये

तान्ह्या बाळाच्या झोपेबद्दल माझ्या नवऱ्याच्या आत्तींइतकं चुकीचं बोलणारं माणूस सोलापुरात दुसरं झालं नसेल, आणि त्यांच्याइतकं छातीठोक बोलणारंही नसेल. मला आई नव्हती, सासूही नव्हती, म्हणून थोरल्याच्या बाळंतपणाला मैंदर्गीहून ह्या आल्या. शुक्रवार पेठेत आमची एकच खोली. आत्ती अंगानं अशा, की दारात उभ्या राहिल्या की आत संध्याकाळ व्हायची. आल्या आल्या पाळण्यात डोकावून त्यांनी निकाल दिला, की पोराला झोप येत नाही कारण आपण त्याला मराठीत सांगतो. नवीन जन्मलेल्याच्या झोपेला म्हणे कानडीच समजते. मग दिवसभर 'मलको, मलको' असं दटावणं सुरू झालं. मलको म्हणजे नीज. पोरगं टक्क डोळे उघडून ऐकायचं. ऐकतंय म्हणजे त्याला कळतंय, असं आत्तींचं म्हणणं.

बाळ निजलं असलं तर निजलं म्हणायचं नाही, झोप ऐकते आणि पळते. गावाला गेलं म्हणायचं. माझा चुलतभाऊ बार्शीहून मुद्दाम बाळ बघायला आला, तेव्हा मी न्हाणीत होते. आत्तींनी त्याला दारातच सांगितलं की बाळ गावाला गेलंय. मी बाहेर येईपर्यंत तो टोपडं ठेवून परत गेलासुद्धा. झोपेत बाळ हसलं की सटवाई हसवते, हे सगळ्याच बायका म्हणतात. आत्ती सटवाईला झापायच्या. "तुला काय कामधंदा हाय का न्हाय? आत्ता कुटं डोळा लागलाय त्याचा." त्या आवाजानं पोरगं उठलं की तेही सटवाईच्याच खात्यात.

पण जांभईवर त्यांचा खरा राग. बाळासमोर जो जांभई देतो तो बाळाची झोप घेऊन जातो, असा त्यांचा सिद्धांत होता. माझा नवरा गिरणीत मागावर, रातपाळीला. सकाळी घरी यायचा तो जांभया देतच. आत्ती त्याला उंबऱ्यावर अडवायच्या. "जांभई भाईर दिऊन ये." तो बिचारा गल्लीकडे तोंड करून आ वासत उभा राहायचा. समोरच्या मास्तरांनी एकदा मला हळूच विचारलं, की ह्यांना कुणी सूर्याचं काही व्रत सांगितलंय का.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पोरगं दिवसा रडायचं आणि नवऱ्याला झोप दिवसाच मिळायची. शहाणं मूल सलग निजतं, निजत नसेल तर आईच्या दुधात खोट, असं सगळी गल्ली मला ऐकवायची. तान्हं मूल सारखं उठतंच, त्याचं पोट केवढंसं असतं, हे मला पुढची मुलं झाल्यावर कळलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही. नवरा मागावर डुलायला लागला. जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, त्याला बजावलं, की पुन्हा डुलताना दिसलास तर कायमचा घरी नीज.

गिरणीवाल्या घरांत ह्यावर एकच उपाय होता, बाळगोळी. इवलीशी काळी गोळी, आत अफू. दुधात उगाळून चाटवली की पोर दिवसभर हूं की चूं करत नसे. लोक त्याला गुणाचं म्हणायचे. त्यातली काही पोरं उठायचीच नाहीत. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

एका सकाळी नवरा गोळ्यांची पुडी घेऊन आला. त्या दिवशी तो जांभई द्यायलाही थांबला नाही. "आत्ती, ह्यातली एक दे त्याला. मला निजू दे, न्हायतर नोकरी गेली बघ."

आत्तींनी पुडी सोडून वास घेतला. "कडू हाय का रं?"

"मला काय ठाव? मी कुटं खाल्लीय?"

"मग लेकराला कशी द्याची?" म्हणून त्यांनी पुडीतल्या होत्या तेवढ्या गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर तांब्याभर पाणी प्याल्या.

थोड्या वेळानं त्या भिंतीला टेकल्या आणि मग आडव्या झाल्या. पोरगं उशाशी किंचाळत होतं, त्यांची पापणी हलली नाही. मी तोंडावर पाणी मारलं, नवऱ्यानं गदागदा हलवलं. पुढं पुढं तर श्वास चाललाय का बघायला नाकाशी हात धरावा लागला. नवरा त्यांच्या पायाचा अंगठा धरून दिवसभर बसून राहिला. दिवेलागणीला कुठं त्यांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

"आत्ती, मेली असतीस की," तो म्हणाला. त्याला रडू आलं होतं.

"व्हय की. मी एवढी म्हस, मला आडवं केलं ह्यानं. त्ये केवढं हाय बघ."

तो तसाच बिनझोपेचा पाळीला गेला. त्या रात्री मागावर डुलला नाही, इतका घाबरला होता. गोळी पुन्हा आमच्या घरात आली नाही.

तो गेल्यावर आत्ती बशीत चहा ओतता ओतता मला म्हणाल्या, "पोरी, निजले की मला सपान पडतंच. मेलेली मानसं येत्यात, म्हशी येत्यात. आज तितं काय बी न्हवतं. असल्या जागी लेकराला एकटं धाडू ने."

दुसऱ्या दिवसापासून नवरा घरी आला की त्या पोराला पदरात गुंडाळून भवानी पेठेत एका तेलगू विणकरणीकडे जाऊन बसायच्या. तिच्या घरात हातमागांची खटखट, आपलं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये अशी. तिथं पोरगं निजायचं, उठायचं, मी पाजायला जायचे, पुन्हा निजायचं. आम्ही घरात पावलं न वाजवता वावरत होतो ते उगाचच. आत्तींनी त्याचाही अर्थ लावला. पोराच्या रक्तात माग आहे म्हणे, गप्प जागी त्याला भीती वाटते. मी वाद घातला नाही. नवरा घरी घोरत होता, नोकरी टिकली होती.

थोरला चालायला लागल्यावर त्या मैंदर्गीला परत गेल्या. आभार मानायची तेव्हा रीत नव्हती. मी एक लुगडं दिलं, ते त्यांनी रंग मळखाऊ नाही म्हणून परत केलं. पुढं फार वर्षं काही त्या जगल्या नाहीत.

थोरला आता आजोबा झालाय. त्याला ह्यातलं काही आठवत नाही, आठवणार तरी कसं? दुपारी जेवून तो आडवा झाला की मी उगीच त्याच्याकडे बघत बसते. झोपेत त्याचे ओठ हलतात, काहीतरी पुटपुटतो. कुणीतरी भेटत असणार त्याला तिथं. त्याच्या वाटणीच्या त्या रिकाम्या जागी आत्ती त्याच्याऐवजी एकट्या जाऊन आल्या.