दाराच्या फोटोवर क्लिक

माझा नवरा कल्याणला रंगाच्या दुकानात होता. मालक गल्ल्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा तो माझा नवरा. लोक शेड कार्ड उघडून तासन्‌तास गोंधळलेले असायचे, हा त्यांना विचारायचा, "उजेड कुठून येतो तुमच्या हॉलमध्ये? संध्याकाळी ट्यूब लावता की पिवळा दिवा?" आणि मग एकच शेड दाखवायचा. घरी आल्यावरही तोंड बंद नसायचं. मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून दमून यायचे आणि म्हणायचे, "अरे, पाच मिनिटं गप्प बस ना." तो बसायचा नाही.

त्याला झटका आला तो दुकानातच, दुपारी. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. आम्ही हॉस्पिटलमधून डोंबिवलीला घरी आलो तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत का होईना चालत होता, आणि बोलणं गेलं होतं. म्हणजे सगळं गेलं होतं असंही नाही. एक शब्द उरला होता. "झालं." पाणी हवं असलं तरी "झालं", दुखत असलं तरी "झालं", राग आला की मोठ्याने "झालं!" आणि कोणी भेटायला आलं की हसून "झालं, झालं." समोरच्याचं त्याला बरंचसं कळायचं. त्याला काय म्हणायचंय हे आम्हाला कळायचं नाही.

मुलगी शिकायला नाशिकला. मी ऑफिसला गेले की घरात त्याच्याजवळ माझी नणंद, ताई, असायची. ती कल्याणजवळ मोहन्याला राहते. सकाळी रिक्षाने यायची, संध्याकाळी मी आले की जायची. दोघं भावंडं वाढली तिथल्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये, त्यामुळे ताईला वाटायचं, मला नाही कळलं तरी तिला कळेल. तिलाही कळायचं नाही. संध्याकाळी मी चपला काढत असतानाच ती सांगायला लागायची, "आज दुपारभर काहीतरी मागत होता गं. मी सगळं देऊन बघितलं."

कल्याणच्या स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "चित्रं वापरा. बोट ठेवून सांगू देत त्यांना." त्यांनी मोबाइलवर एक ॲप दाखवलं. त्यात पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ होता, जेवण म्हणजे पावाचा उभा लोफ होता, आणि 'झोप' या चित्रात रजईखाली कोणी सोनेरी केसांचा माणूस. माझ्या नवऱ्याने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने फोन उलटा करून ठेवला.

तेव्हा मला वाटलं, हे तर माझंच काम आहे.

मी नोकरीत जे करते ते लोकांना सांगायला गेलं की फार बारीक वाटतं. कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर, स्क्रीनच्या कोपऱ्यात, छोट्या चौकटी असतात. घड्याळ, आजची शिफ्ट, कॅन्टीनचा मेनू, सूचना. त्यांना विजेट म्हणतात. त्या चौकटींमधली चित्रं कशी वागतील हे मी स्क्रिप्टमध्ये लिहिते. चित्र दाखवायचं, लपवायचं, लहानमोठं करायचं, एकाच्या जागी दुसरं आणायचं, कापून त्याचा हवा तेवढाच भाग ठेवायचा. प्रत्येकासाठी एकेक फंक्शन, म्हणजे एकदा लिहून ठेवलेली आज्ञा. नाव घेतलं की ती काम करते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या मेनूसाठी हे केलं होतं.

आमच्या हॉलमध्ये मुलीचा जुना डेस्कटॉप होता. त्यावर मी नवऱ्यासाठी विजेट बनवलं. माउस डावीकडे ठेवला. चित्रं मोठी केली, कारण त्याचा डावा हात थरथरायचा. मॅडमनी सुचवलं होतं तसे सगळे फोटो घरातल्याच वस्तूंचे काढले. त्याचं पाणी प्यायचं स्टीलचं भांडं, कप, पलंग, पंखा, चष्मा, बाथरूमचं दार बादलीसकट. माउस एखाद्या फोटोवर गेला की त्यावर हलकी पिवळी झाक यायची, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळावं. क्लिक केलं की तो फोटो मोठा होऊन घंटी वाजायची, म्हणजे स्वयंपाकघरातून कोणी येईल आणि बघेल.

पहिल्याच दिवशी त्याने कप दाबला. ताईने चहा दिला. चहा संपल्यावर त्याने परत कप दाबला, आणि तिने परत दिला. मला ऑफिसात फोन करून ती म्हणाली, "अगं, मागितला त्याने! स्वतः मागितला!" मी जागेवरून उठून पॅसेजमध्ये गेले आणि तिथे उभी राहून रडले. बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं घडलं होतं.

त्या फोटोंमध्ये एक आमच्या मुख्य दाराचाही होता. आतून काढलेला. बाहेर जायचं असेल तर दाबावा म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात त्याने दार दाबायला सुरुवात केली.

घंटी वाजली, मी गेले, तर स्क्रीनवर दार. "खाली जायचंय?" मी विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला शर्ट चढवला, काठी दिली, लिफ्टने खाली नेलं. सोसायटीच्या बाकावर तो थोडा वेळ बसला, मग मान हलवली आणि म्हणाला, "झालं." कंटाळलेल्या आवाजात. वर आलो. मी किल्ली जागेवर ठेवते न ठेवते तोच घंटी वाजली. परत दार.

"कोणी यायला हवंय का?" मी विचारलं. त्याने मान हलवली, पण त्याच्या 'हो'चा आणि 'नाही'चा तेव्हा भरवसा नसायचा. मी दुकानातल्या त्याच्या मित्राला बोलावलं. तो रविवारी आला, नवीन शेड कार्डं घेऊन आला, दोघं शेजारी बसून ती चाळत राहिले. माझा नवरा इतका खुशीत होता की मला वाटलं, हेच असणार. मित्र गेला. दार लागलं. याने खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली आणि दार दाबलं.

मुलगी सुट्टीला आली. तिच्या येण्याने खूश झाला. दार दाबायचं थांबलं नाही.

ताई कडी काढून दाखवायची, लावून दाखवायची. "कडी नीट बसत नाही का रे? आवाज येतो का?" ती दार सताड उघडं ठेवून बसली एक अख्खी दुपार, शेजारची मांजर आत येईपर्यंत. तो उघड्या दाराकडे बघायचाही नाही. त्याला फोटोतलं दार हवं असायचं.

मग मला वाटलं, रंग. हा रंगातला माणूस. मी फोटो ट्यूबच्या उजेडात काढला होता, त्यात दाराचं पॉलिश मळकट हिरवट दिसत होतं, आणि वर माझी ती पिवळी झाक. कदाचित त्याला तेच खटकत असेल. मी झाक देणारं फंक्शन काढून टाकलं, सकाळच्या उजेडात नवा फोटो काढला, जागेवर बसवला. तो स्क्रीनजवळ वाकला. हसला. डाव्या हाताने अंगठा वर केला. मी ताईकडे बघितलं. आणि त्याने दार दाबलं.

कधी शांतपणे दाबायचा, कधी वैतागून लागोपाठ, घंटीवर घंटी. आम्ही धावत जायचो आणि समोर उभं राहून त्याच त्या गोष्टी विचारायचो. तो आशेने आमच्या तोंडाकडे बघायचा. एकेक प्रश्न चुकत गेला की त्याच्या चेहऱ्यावरची ती आशा कमी कमी होत जायची, आणि शेवटी तोच आमची समजूत घातल्यासारखा हळू म्हणायचा, "झालं."

मला वाटलं, फोटो फार मोठा आहे, त्यात फार गोष्टी आहेत. त्याला हवं ते त्यातलंच काहीतरी एक असणार. हे माझ्या कामातलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी मी बसले आणि क्रॉपचं फंक्शन वापरून त्या फोटोचे तुकडे केले. कडी वेगळी. पीपहोल वेगळा. वरचं तोरण. बाजूच्या खिळ्याला अडकवलेलं कॅलेंडर. हुकावरचं त्याचं हेल्मेट. खाली चपलांचं रॅक. प्रत्येक तुकड्याचं वेगळं विजेट, वेगवेगळ्या जागी, नीट अंतर ठेवून. मला खात्री होती. आता कळेल.

"बघ," मी त्याला म्हटलं. "यातलं काय? एकच दाखव."

त्याने एकेक तुकडा बघितला. हेल्मेटकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं. ताई माझ्या मागे उभी होती. त्याचा हात माउसवर होता, पण बोट दाबत नव्हतं. मग त्याने कडीचा तुकडा धरला आणि ओढायला लागला. विजेट माउसने सरकवता येतात, ते मी बंद केलं नव्हतं. कडी सरकत सरकत तोरणाखाली आली. मग त्याने पीपहोल ओढला. तो कडीवर जाऊन बसला, कडी झाकली गेली. त्याने तो परत बाजूला केला. रॅक ओढलं, ते भलतीकडे गेलं.

"काय करतोय हा?" ताईने विचारलं.

तो दार जोडत होता.

ते जुळणार नव्हतं. उजव्या हाताने मलाही ते इतकं बारीक जुळवता आलं नसतं. त्याने बराच वेळ प्रयत्न केला, मग माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवून बसला. मी तुकडे बंद केले आणि अख्खा फोटो परत आणला. त्याने लगेच त्यावर क्लिक केलं. घंटी वाजली. आम्ही दोघी तर तिथेच उभ्या होतो.

"सांग ना रे," मी म्हटलं. मी त्याच्या गुडघ्याशी खाली बसले होते. "काय हवंय? काहीतरी कर, कसंही सांग."

"झालं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले. माझेही.

मी हे सगळं मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जसा शब्द चुकतो ना, तसं चित्रही चुकतं कधी कधी. मनात एक असतं आणि बोट दुसऱ्यावर जातं. त्यांना दार म्हणायचंच नसेल."

"मग काय म्हणायचं असेल?"

"ते नाही सांगता येणार."

"मला कसं कळेल मग?"

"कदाचित नाही कळणार," म्हणाल्या.

परत येताना मी विचार करत होते की इतके दिवस मी दार बघत होते, आणि ते दार नसेलच तर मग कशाकडे बघायचं? पाणी, भूक, दुखणं, मुलगी, दुकान, मी. जगातलं काहीही.

घंटीने ताईचं डोकं उठायला लागलं होतं. ती म्हणाली, "काढून टाक तो फोटो. नाहीतरी उपयोग काय त्याचा?" मला पटलं. फोटो लपवायला एक ओळ पुरते. मी ती लिहिली. जेवून तो कॉम्प्युटरसमोर बसला. दाराच्या जागी आता स्क्रीनचा मागचा निळा रंग दिसत होता. त्याने तिथेच माउस नेला आणि क्लिक केलं. काहीच वाजलं नाही. परत केलं. मग मागे वळून त्याने मला शोधलं. मी लगेच जाऊन फोटो परत आणला. घंटी वाजली, तसा तो टेकून बसला. ताईने पुन्हा कधी काढायला सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यांत शब्द थोडे थोडे यायला लागले. आधी "नको" आला, आणि तो दिवसभर सगळ्याला नको म्हणत राहिला. मग "चहा", मग "ताई". माझं नाव बऱ्याच उशिरा आलं, तेही शेवटचं अक्षर गाळून. कपाचा फोटो दाबण्यापेक्षा चहा म्हणणं सोपं झालं तसा तो कॉम्प्युटरकडे कमी जायला लागला. दार अधूनमधून दाबायचा.

एका रविवारी मी त्याला स्क्रीनसमोर बसवलं. दाराच्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय होतं रे? सारखं दाबायचास. काय हवं होतं तुला?"

तो फोटोकडे बघत राहिला. कपाळावर आठ्या आल्या. ओठ हलले, थांबले, परत हलले.

"दार," तो म्हणाला.

स्वच्छ, पूर्ण शब्द. झटक्यानंतर हा शब्द तो पहिल्यांदाच म्हणत होता.

"हो, दार. पण दाराचं काय?"

त्याला प्रश्न कळलेला दिसला. तो विचार करत होता, खरंच करत होता. मग त्याला वाटलं असावं की मलाच शब्द समजला नाहीये. त्याने स्क्रीनवरच्या दाराकडे बोट केलं, मग मान वळवून खऱ्या दाराकडे, आणि सावकाश, मॅडम त्याला शिकवतात तसं, तोंड मोठं उघडून मला म्हणाला, "दा... र."

"दार," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला, आणि खूश झाला.

आता तो आठवड्यातून काही दुपारी दुकानात जाऊन बसतो. मित्र येऊन घेऊन जातो. गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, पण शेड कार्डावर बोट ठेवतो, आणि मालक सांगतो की लोक अजूनही तोच रंग घेतात. घरी विजेट चालू असतं. मी त्यात फारसं काही बदलत नाही. घंटी कधीतरी वाजते आणि मी जाते. स्क्रीनवर दार असतं. "काय रे?" मी विचारते. तो माझ्याकडे बघतो, शब्द शोधतो, आणि सापडत नाही. मग मी शेजारची खुर्ची ओढून बसते. त्याला तेच हवं असतं का, मला माहीत नाही. कधी कधी मी बसल्यावरही तो परत दाबतो.