गाडीची खांदशेकणी

आईच्या डायलिसिसचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी सातची मशीन. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सातला पोचलं नाही की ती मशीन पुढच्या पेशंटला जाते. त्यात कोणाची चूक नाही, बाहेर बाकावर लोक वाट पाहत बसलेलेच असतात. पण एक पाळी हुकली तर आईच्या अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, आडवं झालं की श्वास कोंडतो. म्हणून अड्याळहून साडेपाचला निघायचं म्हणजे निघायचं. यात मी देवाचंही ऐकत नाही.

गाडी भावाची. तो जवाहरनगरला, फॅक्टरीत. नवी घेतली तेव्हा जुनी मला दिली, "ताई, आईसाठी ठेव" म्हणाला. उंच, पांढरी, दार उघडलं की पायरीवर पाय देऊन चढावं लागतं अशी एसयूव्ही. फॅक्टरीच्या क्वार्टरमधल्या सरळ रस्त्यांवर त्यानेच मला शिकवलं. मी गावात ब्लाऊज शिवते. शिवणारी बाई एवढी मोठी गाडी चालवते म्हटल्यावर पानठेल्यावर चार तोंडं हसणारच. एकदा मी काच खाली करून म्हटलं, "हसता कायले? तुमी ब्लाऊज शिवा, मी गाडी चालवते, हिशोब बरोबर!" तेव्हापासून गाडी दिसली की ती मंडळी पानाला चुना लावण्यात गर्क असतात.

रस्ता पाऊण तासाचा. तो पाऊण तास मला अजून आठवतो तो स्वप्नासारखाच. तलावावरचं धुकं रस्त्यावर येऊन बसलेलं असायचं. दोन्हीकडे धान निसवायला आलेलं, त्याचा तो कोवळा, दुधाळ वास काचेच्या फटीतून आत यायचा. आई शेजारच्या सीटवर शालीत गुरफटून अर्धवट झोपेत बोलायची. कोण कुठली तिची मावशी, कोणत्या तळ्यात तिनं शिंगाडे काढले, कोणाच्या लग्नात नवरदेवाची टोपी उडून विहिरीत पडली. ती सगळी माणसं कधीच गेलेली, पण आई अशी सांगायची की काल संध्याकाळी भेटून आली. मी हूं हूं करत गाडी हाकायची.

बाबा यायचे नाहीत. पहिल्या वेळी आले होते. नळीतून आईचं रक्त मशीनकडे जाताना पाहिलं आणि बाहेर पायरीवर डोकं धरून बसले. त्यानंतर पहाटे फाटक उघडायचं, गाडी निघाली की लावायचं, एवढंच. चाळीस वर्षं चिखलात धान लावणारा माणूस, आणि रक्ताच्या नळीला घाबरतो! मला मनातून फार राग यायचा. सरळच सांगते, मी त्यांना भित्रा समजत होते.

गाडी आम्ही बैलांच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, ठेवायचो. बैलजोडी आदल्या उन्हाळ्यात गेली, शेतात ट्रॅक्टर यायला लागला, कोठा रिकामा पडला. बाबांनी तो सारवला, कडेला तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग तसाच ठेवला आणि गाडी आत घ्यायला लावली. श्रावणात एकदा सेल्फ मारला तरी गाडी उठेना. भंडाऱ्याचा मिस्त्री घरी आला. बॅटरीच्या दोन टोकांवर पांढरी बुरशी चढली होती. ती त्यानं घासून काढली आणि वरून ग्रीस चोपडलं. बाबा हात मागे बांधून पाहत होते.

"हे कायले लावता?" त्यांनी विचारलं.

"काका, गाडीचा सारा भार इथंच असते. हे लावलं की टिकते."

बाबांनी मान डोलावली. मी चहा आणायला आत गेले.

पोळा झाला आणि आठवड्याभरात गाडीचे चाळे सुरू झाले. आधी वायपर. स्वच्छ सकाळ, थेंब नाही, आणि वायपर आपले सावकाश काच पुसायला लागले. मी बंद केले. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू. मग डॅशबोर्डवर दिवे लागायला लागले, गाडी दार उघडं आहे म्हणून सांगायला लागली, दारं तर चारही बंद. एक दिवस वाटेतल्या पहेला गावाच्या अलीकडे हॉर्न आपोआप वाजला, लांबच लांब, आणि बांधीतले, धानाच्या खाचरातले, बगळे एकदम उठले. धुक्यातून पांढरे पक्षी वर जात होते, इंडिकेटर डावीकडे मिचकत होता, वळायचं कुठेच नव्हतं. मी शिव्या देत होते. आई मात्र डोळे न उघडता हसली.

"झोपेत बडबडून राह्यली ते. बोलू दे तिले."

आईला ते आवडायचं. मलाही, खोटं कशाला बोलू, कधी कधी आवडायचं. पण मनात असायचंच, आज अर्ध्यातच थांबली तर?

मिस्त्रीकडे दोनदा नेली. तिथे उभी केली की शहाण्या मुलीसारखी वागायची. त्यानं फ्यूज बदलला, एक रिले बदलला, "सेन्सर असंन" म्हणाला. भावानं मला फोनवरच्या एका ग्रुपात टाकलं. त्यात याच गाडीचे मालक, देशभरचे. आई आत मशीनवर असायची आणि मी बाहेरच्या बाकावर चार तास तो ग्रुप वाचायची. कोणाची गाडी उभ्या उभ्या कुलूप लावून घेते, कोणाची काच खाली गेली की वर येत नाही, कोणाची गाणी पुलावर आल्यावरच बंद पडतात. एका सासऱ्याला तर जावयाच्या दारात गाडीनं आतच कोंडून ठेवलं. वाचता वाचता पेंग यायची आणि त्या सगळ्या गाड्या डोळ्यांपुढे धुक्यात दिवे मिचकावत उभ्या राहायच्या.

मीही आमचं रडगाणं लिहिलं. एकानं विचारलं, गाडी ठेवता कुठे? मी लिहिलं, बैलांच्या कोठ्यात. झालं! हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. एकानं मात्र हसू न दाखवता लिहिलं, "ताई, उंदीर बघा." माझं डोकं फिरलं. आमच्या घरात मांजर आहे, मी रोज झाडते, आणि हा कोण मला उंदीर शिकवणारा? मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

हलकं, लवकर येणारं धान कापून झालं होतं तेव्हाचा मंगळवार. दिवाळीत आईनं पथ्य मोडलं होतं, पाणी जास्त प्यायली होती, चेहरा सुजला होता. बोलत नव्हती. श्वास मोजता येत होता इतका वाजत होता. पहेल्याच्या पुढे आलो आणि गाडीतलं सगळं एकदम विझलं. दिवे, काटे, पंखा, सगळं. गाडी थोडी घरंगळली आणि रस्त्याकडेला थांबली. मी सेल्फ मारला. टक् सुद्धा नाही.

चारी बाजूंनी कापलेल्या बांध्या आणि धुकं. एवढी शांतता की आईचा श्वास मला गाडीबाहेरसुद्धा ऐकू येत होता. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. म्हटलं, जो येईल त्यानं एक तर थांबावं, नाही तर मला उडवावं. दुधाची गाडी आली. ड्रायव्हर भला माणूस, खाली उतरून त्यानं आईला उचलूनच पुढे बसवलं. मी मागे कॅनच्या मध्ये उकिडवी. पोचलो तेव्हा साडेसात होऊन गेले होते. मशीनवर दुसरे आजोबा झोपले होते. आई बाकावर बसली, पुढे वाकून, माझ्या मांडीवर हात रोवून. साडेअकराला मशीन मोकळी झाली. ते चार तास देवानं कोणाला देऊ नयेत, वैऱ्यालाही नाही.

तिला आत घेतलं आणि मी मिस्त्रीकडे गेले. मी बाकावरूनच फोन केला होता, त्यानं गाडी ओढून आणली होती. या वेळी त्यानं बॅटरी काढली, खालचं झाकण काढलं, आत हात घातला आणि तणसाचा मऊ गोळा बाहेर काढला. घरटं. मग वायरिंग दाखवलं. वायरी जागोजागी कुरतडलेल्या, तांबं उघडं पडलेलं.

"ताई, घरातले उंदीर हायेत हे. पण एवढे इथंच काहून आले, ते समजून नाही राह्यलं." त्यानं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "हे काय होय? तूप?"

बॅटरीच्या टोकांवर, वायरींवर, सगळीकडे पिवळट, चिकट थर होता. आणि कोपऱ्यात अडकलेलं, अर्धं खाल्लेलं पळसाचं पान. हळद आणि लोणी.

मला उभ्या जागी कळलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना हळद-लोणी पळसाच्या पानानं चोळायचं आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. यंदा बैल नव्हते. आणि भार कुठे असतो, ते बाबांना मिस्त्रीनंच दाखवलं होतं. अरे देवा! पोळ्यालाच नाही, थर पाहून सांगते, वरचेवर चोळत असले पाहिजेत. गाडी जितकी बिघडत गेली तितकं जास्त लोणी, आणि जितकं लोणी तितके जास्त उंदीर.

संध्याकाळी गाडी नीट करून निघालो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. आईच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती, श्वास मोकळा झाला होता. ऊन बांध्यांवर पिवळं पडलं होतं, कुठे कुठे धानाचे पुंजणे रचलेले. मी सगळं सांगितलं. आईनं काच थोडी खाली केली.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "लोणी मीच तं काढून ठेवत होती."

माझा पाय ब्रेकवर गेला. "अवो आई, बह्याड झाली का तू?"

"अवसान नाही त्याहिले दवाखान्यात याचं. सोमवारी, गुरुवारी संध्याकाळी गाडीपाशी जातेत, लोणी लावतेत, हात जोडतेत. म्हणतेत, नेऊन आन बाप्पा तिले, अन् वापस आन. म्या आयकलं एक दिवस खिडकीतून. मंग मी कशी नाही म्हणू? मले का ठाव, उंदरं येतीन म्हणून!"

यावर मी विरघळायला हवं होतं. नाही विरघळले. माझा स्वभावच तसा, एकदा पेटला की घरी पोचेपर्यंत विझत नाही. बाबांनी फाटक उघडलं, आईला हात देऊन उतरवलं, आत नेलं, आणि परत येऊन गाडीच्या बोनटवर हात ठेवला. तो हात पाहिला आणि माझं तोंड सुटलं. उंदीर, वायरी, दुधाची गाडी, ते चार तास, सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, "बाबा, तुम्ही आईले मारलं असतं आज!"

बोलले आणि जीभ चावली. बाबांनी हात बोनटवरून उचलला, धोतराला पुसला. पुसतच राहिले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, अगदी खरंच विचारतात तसं.

"मंग मी काय करू, बाई?"

मी गाडीचं उघडं दार लावलं.

"ते जाते, तू नेते. डॉक्टर पाह्यते, मशीन पाह्यते. मी फाटक लावतो. दिवसभर फाटकाकडं पाह्यतो. मी काय करू, सांग नं."

 दोन वर्षं मी या माणसाला भित्रा म्हणत होते. एकदाही, एकदाही मी म्हटलं नव्हतं की बाबा, तुम्हीपण चला. लाज वाटली मला, इतकी की मान वर होईना.

आतून आईचा आवाज आला, थकलेला पण ठसक्यात. "काय करू काय विचारता? शुक्रवारी माह्यासंग चाला!"

शुक्रवारी बाबा धुतलेलं धोतर नेसून पाचलाच गाडीत जाऊन बसले. फाटक मी उघडलं, मीच लावलं.  वायपर हलले नाहीत, हॉर्न वाजला नाही. तलावावरचं धुकं काचेला लागून मागे जात होतं. आरशात बाबा दिसत होते, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलेले.

सातला पाच कमी असताना नर्स दारात आली. "पेशंटसोबत कोण आहे?"

सवयीनं मी उठले. माझ्याआधी बाबा उठले होते. ओठ पांढरे पडले होते, एका हातानं भिंत धरली होती.

"मी हाये," ते म्हणाले. "नवरा होय मी तिचा."

"चप्पल बाहेर काढा, काका," नर्स म्हणाली. बाबांनी चपला काढल्या, जोडीनं भिंतीशी ठेवल्या आणि आत गेले.

मी बाकावर बसले. फोन काढला नाही. दोन वर्षं आई आत एकटी होती आणि मी इथे बाहेर, हल्ली तर लोकांच्या गाड्यांची गाऱ्हाणी वाचत, बसत होते, हे मला तेव्हा समजलं. थोड्या वेळानं उठून दाराच्या काचेतून आत पाहिलं. आई पडल्या पडल्या काहीतरी सांगत होती. बाबा स्टुलावर बसले होते, डोळे घट्ट मिटून, तिचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत धरून, तिच्या बोलण्याला मान हलवत. मी तासातासानं जाऊन पाहून आले. चार तासांत बाबांनी डोळे उघडले नाहीत, आणि आईचा हातही सोडला नाही.